पायमोज्याची कुळकथा

आपल्या मंडळाच्या विणकामाच्या वर्गात यंदा लोकरीचे पायमोजे शिकवावयाचे ठरले, तेव्हा दोन-तीन भगिनींनी हसून विचारले, "बाई, आपल्या धामणगावात लोकरीचे मोजे घालणार कोण? वैशाखात इथे वहाणेतसुद्धा पाय भाजतो!" प्रश्न रास्त आहे. मोताळा-मलकापूरकडचा आपला मुलूख काही थंडीसाठी प्रसिद्ध नाही. तरी पण घरातली जुनी ट्रंक उघडली तर तळाशी एखादा तरी लोकरीचा मोजा सापडतो. डांबरगोळीचा वास लागलेला आणि बोटभर लांबीचा. तो आपल्याकडे आला कोठून, आणि कोणी कोणासाठी विणला, हे शोधू लागले तेव्हा गोष्ट फार लांबवर गेली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून आणून वाचले, काही मुलाने फोनवर काढून दाखविले, काही घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले. त्यातून जे समजले ते वर्धापनदिनाच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवते.

प्रथम नावाचेच पाहा. 'मोजा' हा शब्द फारसी आहे. त्या भाषेत 'मोझा' म्हणजे घोडेस्वाराचा उंच बूट. बुटाचे नाव आपल्याकडे येता येता बुटाच्या आतल्या कपड्याला चिकटले. आपल्या जुन्या चालीरीतीत मोज्याला जागाच नव्हती. वहाण उंबऱ्याबाहेर काढावयाची, पाय धुवावयाचे आणि मग घरात यावयाचे, अशी आपली रीत. त्यात पाय झाकून ठेवण्याची गरज कोणाला? बायकांचे तर विचारूच नका. वडीलमाणसांसमोर सुनेने वहाण घालावयाची नाही, हा नियम आपल्यापैकी पुष्कळ जणींनी डोळ्यांनी पाहिला आहे. शिवाय पायात जोडवी. जोडव्यावर मोजा चढविला की त्याचा धागा अडकून ओढलाच म्हणून समजा.

दुसरी गंमत आपल्या भाषेतली. आपण बाज विणतो, टोपली विणतो, मागावर कापड विणतो आणि सुयांवर स्वेटरही विणतो. सगळ्याला शब्द एकच. पण काम एक नव्हे. मागावर उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांत गुंततात. ते कापड ताठ असते, ओढले तर फारसे ताणत नाही. सुयांवर मात्र एकाच धाग्याच्या फासातून फास काढीत जावयाचे असते. म्हणून ते ताणते आणि सोडले की पुन्हा आवळते. पाय हा अवयव घोट्याशी बारीक, टाचेला रुंद आणि बोटांकडे पुन्हा निमुळता. त्यावर नीट बसेल असे काही करावयाचे तर ते फासाफासाचेच हवे. मागावरच्या कापडात आपला देश हजारो वर्षे जगाच्या पुढे होता, पण हे सुयांवरचे विणकाम आपल्याकडे पुष्कळ उशिरा आले.

ते प्रथम सापडते मिसर देशात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तांबड्या लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे. इ. स. २५० ते ४२० च्या दरम्यानचा असावा असे जाणकार मानतात. दोन सुयांवर नव्हे, तर एकाच मोठ्या सुईने फासात फास ओवून तो केलेला आहे. विशेष म्हणजे त्याचा अंगठा वेगळा आहे आणि बाकीची चार बोटे एकत्र, कारण अंगठ्याच्या वहाणेत तो घालावयाचा होता. आज आपल्या सुना-मुली स्कूटीवर जाताना चपलेत जे अंगठ्याचे मोजे घालतात, त्याची ही पणजी म्हणावयास हरकत नाही! लंडनच्याच ब्रिटिश म्युझियममध्ये साधारण इ. स. ३०० च्या सुमाराचा एका लेकराच्या डाव्या पायाचा मोजा आहे. रंगीबेरंगी पट्ट्यापट्ट्यांचा. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी निरनिराळ्या प्रकाशात त्याचे फोटो घेऊन पाहिले तेव्हा कळले की ते सगळे रंग तांबडा, निळा आणि पिवळा अशा तीनच वनस्पती-रंगांतून काढलेले आहेत. उरलेल्या लोकरीचे तुकडे जोडून लेकराला पट्ट्यांचा मोजा करण्याची युक्ती आपणच काढली असे कोणी समजू नये.

आपल्यासारख्या दोन-चार सुयांवरचे खरे विणकामही मिसरमध्येच सापडते, पण पुष्कळ नंतरचे, अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. आणि ते लोकरीचे नाही, कापसाचे आहे! पांढरा कापूस आणि निळीत रंगविलेला कापूस, असे दोन धागे घेऊन त्यांत नक्षी उठविली आहे. आपण पऱ्हाटीच्या मुलखात राहणाऱ्या बायका. मोजा म्हणजे लोकर असे आपण धरून चालतो. विणलेल्या मोज्याचा आरंभ मात्र कापसातून झालेला दिसतो, हे वाचून मला मोठे नवल वाटले.

तिथून ही विद्या युरोपात गेली. इंग्लंडात गोरगरीब बायापुरुष मोजे विणून पोट भरू लागले. १५८९ मध्ये विल्यम ली नावाच्या एका पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र काढले. तो एलिझाबेथ राणीकडे हक्काची सनद मागावयास गेला, तेव्हा हाताने विणून खाणाऱ्या गरिबांचे काय होईल म्हणून राणीने ती नाकारली, असे सांगतात. ली बिचारा फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. पण यंत्र काही थांबले नाही. पुढे त्याच यंत्राच्या सुधारलेल्या जाती जगभर पसरल्या आणि आज बाजारात जो मोजा मिळतो तो त्यांच्याच वंशातला.

आपल्याकडे सुयांवरचे विणकाम आले ते इंग्रजांच्या मागोमाग. मिशनरी बायकांनी मुलींसाठी शाळा काढल्या, तिथे वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे. पुढे आपल्याच थोर स्त्रियांनी ते हाती घेतले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढले. विधवा, टाकलेल्या आणि शिकू पाहणाऱ्या बायांना हाताची कला यावी आणि चार पैसे स्वतःचे मिळावेत, हा त्यातला हेतू होता. याच सुमारास पुरुषांच्या पायात बूट आले. कचेरीत बूट, म्हणून बुटात मोजा. वऱ्हाडात तेव्हा कापसाची चलती होती. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापुरावरून गेली होती आणि १८७० मध्ये खास कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत फाटा टाकला होता. इथला कापूस गाठी बांधून विलायतेला जावयाचा आणि तिथला कापडचोपड माल इथे विकावयास यावयाचा. ज्या बाईने वावरात उन्हातान्हात तो कापूस वेचला, ती मात्र अनवाणीच. हे लिहिताना हात थोडा थांबतो.

घरात मोजा शिरला तो बाळंतविड्यातून. टोपडे, झबले, दुपटे, कुंची हे आपले जुनेच होते. त्यांच्या पंक्तीला लोकरीचे टोपडे आणि लोकरीचे मोजे येऊन बसले आणि आता त्यांच्यावाचून बाळंतविडा पुरा वाटत नाही. तान्ह्या बाळाचे पाय गार पडतात ही बाब खरी आहे, म्हणून तो टिकला. या मोज्याला टाच नसते. सरळ नळी विणावयाची, घोट्याशी भोके ठेवून त्यातून फीत ओवावयाची, झाले. एका बैठकीत होतो. इथे एक सूचना करून ठेवते. बाळाला मोजा घालण्याआधी तो उलटा करून आतले सुटे धागे पाहावेत आणि कापावेत. आत लोंबणारा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळतो, आपल्याला दिसत नाही, आणि लेकरू रडून रडून हैराण होते. बोट सुजून काळेनिळे पडण्यापर्यंतही पाळी येते.

आता मोज्याची दुसरी वाट पाहू. ती रणांगणातून जाते. १९१४ चे पहिले महायुद्ध पेटले तेव्हा फ्रान्समध्ये सैनिक दिवसच्या दिवस खंदकात, गुडघाभर गार चिखलात उभे असत. आपल्या हिंदी पलटणीही त्याच वर्षी तिथे गेल्या होत्या. ओला मोजा पायात तसाच राहिला की पाय सुन्न होई, सुजे, काळा पडे आणि शेवटी कापावा लागे. त्या पहिल्याच हिवाळ्यात गोळी न लागता असे हजारो सैनिक निकामी झाले. मग हुकूम निघाला की प्रत्येकाने जादा मोजे जवळ ठेवावेत, रोज बदलावेत, पायाला तेल चोळावे. एवढे मोजे आणावयाचे कोठून? इंग्लंडच्या राणीने बायकांना हाक घातली आणि घरोघरी सुया चालू लागल्या. इकडे मुंबईतही गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने युद्धनिधीची स्त्रियांची शाखा निघाली आणि निरनिराळ्या समाजांच्या बायका सैनिकांसाठी कपडे तयार करू लागल्या.

या घरगुती मोज्यांत एक खोट होती. पुढे बोटांशी मोजा बंद करताना शिवण येई. ती जाड शिवण बुटात घासून फोड येई, फोड फुटे आणि त्यात चिखल जाई. तेव्हा शेवटचे टाके सुईने असे सांधावयाचे की सांधा हाताला लागूच नये, ही रीत सर्वत्र झाली. या सांध्याला आजही विणकामाच्या पुस्तकांत किचनेर टाका म्हणतात. लॉर्ड किचनेर तेव्हा इंग्लंडचे युद्धमंत्री होते. त्याआधी १९०२ ते १९०९ ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते. एवढ्या मोठ्या सेनापतीने स्वतः हा टाका शोधला, ही कथा ज्याने त्याने आपल्या मनाने घ्यावी. मला तरी तो कोणा नाव नसलेल्या बाईच्या हातचा वाटतो.

आणि मग १९६२ साल. हे आपल्या जवळचे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. आपले जवान चौदा-पंधरा हजार फुटांवर, बर्फाच्या तोंडाशी, सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटात उभे होते. पुष्कळांचे हातपाय हिमदंशाने गेले. ही बातमी गावोगाव पोचली तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले आणि हातात सुया घेतल्या. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यामुळे महाराष्ट्राला तर हे आपल्याच घरचे काम वाटू लागले. स्वेटर, मफलर, कानटोप्या, हातमोजे आणि पायमोजे.

आमच्या सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या. त्या सांगतात, की शाळेत हिरवट खाकी रंगाची लोकर वाटली होती. लहान मुलींना मफलर, कारण ती नुसती सरळ पट्टी. मोठ्या बायकांना स्वेटर. मोजे मात्र ज्यांना टाच वळविता येते त्यांनाच, आणि अशा बायका गावात चार-पाचच. सुया सगळ्यांना पुरल्या नाहीत, तेव्हा कोणी सायकलच्या चाकाच्या तारा घासून घेतल्या, कोणी मोडक्या छत्रीच्या काड्या. जवानाच्या पायाचे माप कोणाला ठाऊक? घरातल्या धन्याची वहाण पुढे ठेवून तिच्यावरून लांबी धरावयाची. सासूबाई म्हणतात, "आमच्या पायात काही नसे. पण मोजा किती लांब हवा यावर दोन बायका भांडत बसत." आपण ज्या पायासाठी विणतो तो पाय आपण कधी पाहणार नाही, हे त्या प्रत्येकीला ठाऊक होते.

खरे सांगावयाचे तर लढाई महिन्याभरातच थांबली, २१ नोव्हेंबरला. एक जोड हाताने नीट विणावयाचा तर घरकाम सांभाळून आठ दिवस जातात. तेव्हा लढाईच्या दिवसांत यांतले किती मोजे वर पोचले असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण लढाई थांबली तरी सीमेवरचा हिवाळा थांबत नाही आणि जवानही तिथून हलत नाहीत. १९६५ आणि १९७१ मध्ये पुन्हा सुया निघाल्या. १९८४ पासून तर आपले सैनिक सियाचीनच्या हिमनदीवर बारा महिने उभे आहेत. त्यांचे मोजे आता खास कारखान्यांत तयार होतात, आपल्या हातचे तिथे चालावयाचे नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता लोकरीविषयी, कारण वर्गातल्या भगिनींना हेच जास्त उपयोगी पडेल. आपल्याकडे मेंढरे आहेत, धनगर बांधव आहेत, मग त्याच लोकरीचे मोजे का नाही? दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. घोंगडीला ती उत्तम. पावसात घोंगडीची खोळ घेऊन मैलभर चाला, खांदे लवकर भिजत नाहीत. पण तीच पायाला टोचते. केसाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मेरिनो मेंढीची लोकर चोवीस भाग किंवा त्याहूनही बारीक असते. तिशीच्या पुढे गेली की कातडीला खाज सुटते, आणि आपली घोंगडीची लोकर तिशीच्या बरीच पुढची. म्हणून विणावयाची मऊ लोकर आपल्याकडे नेहमी बाहेरूनच आली. एके काळी कानपूरच्या लाल इमली गिरणीचे नाव घरोघर होते. ती १८७६ मध्ये पलटणींना कांबळी पुरविण्यासाठी निघाली होती, पुढे बंद पडली. पंजाबात लुधियान्याचे नाव मोठे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने काश्मीर सोडलेले शालींचे कारागीर तिथे येऊन राहिले आणि त्यांच्या हाताखाली शाली, मग मोजे, मग स्वेटर असा धंदा वाढला.

आमच्या लहानपणी जी गुलाबी-पिवळी 'कॅशमिलॉन' मिळे, ती मेंढीची लोकर नव्हेच. ती ॲक्रिलिक, म्हणजे रसायनातून काढलेला धागा. स्वस्त, धुवावयास सोपी, कसर लागत नाही. आज बाजारात 'लोकर' म्हणून जे मिळते त्यात पुष्कळशी हीच असते. बाळंतविड्याला ती चालते. मोठ्या माणसाच्या बुटातल्या मोज्याला मात्र मी ती घेणार नाही. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पिऊन घेते आणि तरी ओली लागत नाही. ॲक्रिलिकमध्ये घाम तसाच पायाशी राहतो. आता आपली शेतकरी मंडळी रब्बीत रात्रीची वीज आली की गहू-हरभऱ्याला पाणी देण्यास गमबूट घालून जातात. रबराच्या त्या बुटात पाय घामाने भिजतात आणि पहाटे गारठतात. लोकरीचे मोजे कोण घालणार, या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले.

दुकानात ओळखावयाचे कसे? एक बोटभर धागा घेऊन जाळून पाहावा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची काळी कडक गोळी होते. कापूस कागदासारखा भुर्रकन जळतो. निव्वळ लोकरीचा मोजा टाचेला आणि अंगठ्याला लवकर झिजतो, म्हणून शंभरात पाऊणशे भाग लोकर आणि पंचवीस भाग नायलॉन अशी मिसळ सर्वांत टिकाऊ. नायलॉनचे मोजे अमेरिकेत १९४० मध्ये सर्वत्र विक्रीस आले. त्यापूर्वीच्या बायका टाचेला धागा दुहेरी घेत आणि फाटले की रफू करीत. उन्हाळ्यासाठी सुती मोजा करावयाचा असेल तर ध्यानात ठेवावे की कापसाला ताण नाही. तेव्हा चार-सहा टाके कमी घालावेत आणि घोट्याची दोन सुलट दोन उलट वीण लांब ठेवावी, नाहीतर मोजा घसरून टाचेखाली गोळा होतो.

पुरुषाच्या मापाला चार पदरी लोकर शंभर ग्रॅम जोडीला पुरते. सुया बारा नंबरच्या, दोन्ही टोकांना अणी असलेल्या. चौसष्ट टाके घालून गोल विणीत घोट्यापर्यंत यावे. मग खरी परीक्षा. निम्मे टाके तसेच सोडून बत्तीस टाक्यांवर तेवढ्याच ओळींची पट्टी विणावयाची, मग मधल्या टाक्यांवर दर ओळीला थोडे अलीकडून परतत वाटी पाडावयाची, आणि पट्टीच्या दोन्ही कडांनी सोळा-सोळा टाके उचलून पुन्हा गोल व्हावयाचे. हे वाचून समजत नाही, पाहूनच येते. बिनटाचेचा बाळमोजा गावात पुष्कळ जणी विणतात. टाच वळविणाऱ्या मात्र माझ्या माहितीत आता दोघीच उरल्या आहेत. दोघीही पंचाहत्तरीच्या पुढच्या, आणि एकीची दृष्टी अधू झाली आहे. ती बाई डोळे मिटून बोटांनी टाके मोजून टाच वळविते, मी ते बसून पाहिले आहे. दोघींनीही वर्गात येण्याचे कबूल केले आहे. कोणाच्या ट्रंकेत १९६२ च्या वेळचा किंवा त्याही आधीचा टाचेचा मोजा असेल, फाटका का असेना, तर येताना घेऊन यावा. उसवून पाहिला की टाके कोठे उचलले ते दिसते.